लिनक्स सर्व्हर रात्री आपोआप रीबूट होतो, लॉगमध्ये काहीच सापडत नाही. क्रॅशचं कारण कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की उबुंटूचा सर्व्हर अधूनमधून रात्री रीबूट होतो, सिसलॉग (सिस्टिमच्या नोंदींची फाइल) मध्येच तुटलेला असतो आणि तुमचे सीनियर म्हणतात, "रॅम बदलून टाका." हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय. पुरावा हातात आल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका. आधी केडंप, म्हणजे सिस्टिम कोसळताना मेमरीची प्रत जपून ठेवणारी सोय, चालू करा.

सिसलॉगच्या शेवटी काहीच नसण्यात नवल नाही. लॉग डिस्कवर उतरवायचं काम शेवटी कर्नलच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच, करतो. पॅनिक झालं, म्हणजे सावरता न येणारी चूक झाली, की तोच जागेवर थांबतो आणि शेवटच्या, नेमक्या कामाच्या ओळी मेमरीतच राहून जातात. बुडणाऱ्यानेच स्वतःचा पंचनामा लिहावा अशी ही अपेक्षा आहे. केडंप ती ठेवत नाही. बूट होतानाच थोडी मेमरी बाजूला काढून तिथे दुसरा कर्नल तयार ठेवला जातो. पहिला कोसळला की केएक्झेक (पूर्ण रीबूट न करता दुसरा कर्नल सुरू करणारी यंत्रणा) थेट दुसऱ्यात उडी मारतो आणि तो दुसरा कर्नल पहिल्याची मेमरी फाइलमध्ये उतरवतो. २००५ पासून, म्हणजे २.६.१३ पासून ही सोय मुख्य कर्नलमध्ये आहे. इतकी वर्षं हाताशी असलेली गोष्ट वापरायची नाही आणि अंदाजाने रॅम बदलत बसायचं, हे मला पटत नाही.

पुण्यातल्या एका कंपनीत मी हेच भोगलंय. बॅकअपचा सर्व्हर, १२८ जीबी रॅम, मध्यरात्री बॅकअप ऐन भरात असताना पडायचा. आमच्या मॅनेजरांचं निदान पहिल्याच दिवशी ठरलेलं: रॅम. रॅम बदलली, सर्व्हर पडला. मदरबोर्ड बदलला, तरी पडला. मी केडंप मागितलं तर उत्तर आलं, "२५६ एमबी मेमरी कायमची अडकवून ठेवायची? कशासाठी?" १२८ जीबीतले २५६ एमबी म्हणजे ०.२ टक्केसुद्धा नाहीत. पण मीटिंगमध्ये आकड्यापेक्षा खुर्ची मोठी ठरते.

मग मी नेटकन्सोल लावला. त्याला मेमरी राखून ठेवावी लागत नाही. कर्नलचे मेसेज नेटवर्कवरून, यूडीपीने, सरळ दुसऱ्या मशीनकडे जातात. पडून असलेला एक जुना डेस्कटॉप घेतला आणि त्यावर ऐकत बसायला लावलं. पुढच्या क्रॅशला सगळं त्या फाइलमध्ये आलं होतं: जनरल प्रोटेक्शन फॉल्ट (प्रोसेसरने नाकारलेली चुकीची कृती), खाली कॉल ट्रेस (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याची यादी), आणि 'टेंटेड' या कर्नलच्या शेऱ्यापुढे पी आणि ओ. म्हणजे बंद सोर्सचं, कर्नलच्या मुख्य सोर्सबाहेरचं मॉड्यूल (कर्नलला जोडलेला वेगळा तुकडा) लोड झालेलं. ट्रेसमध्ये सगळ्यात वर त्याच मॉड्यूलचं फंक्शन होतं. आणि प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये 'डेड' या चार हेक्स अक्षरांनी सुरू होणारा, १०० ने संपणारा पत्ता. कर्नलमध्ये काम केलेल्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. लिस्टमधून नोड (यादीतली एक नोंद) काढला की कर्नल त्याच्या पॉइंटरमध्ये (पुढच्या-मागच्या नोंदीच्या पत्त्यात) मुद्दाम हे विष भरतो, कुणी तोच नोड पुन्हा काढायला गेला तर पकडला जावा म्हणून. खराब रॅम इतकी नेमकी किंमत लिहीत नाही.

एवढं दाखवल्यावर केडंपला परवानगी मिळाली. पुढच्या वेळी पूर्ण व्हीएमकोर, म्हणजे उतरवलेल्या मेमरीची फाइल, मिळाला. 'क्रॅश' नावाच्या टूलमध्ये डिबग सिंबॉल (पत्त्यांना फंक्शनची नावं देणारी माहिती) घालून उघडला आणि सगळ्या सीपीयूंचे बॅकट्रेस, म्हणजे तसेच कॉल ट्रेस, काढले, तर दुसरा सीपीयू त्याच क्षणी त्याच मॉड्यूलच्या साफसफाईच्या फंक्शनमध्ये उभा. लॉक न घेता, म्हणजे एकमेकांना न थांबवता, दोघे एकच नोड काढत होते. मॉड्यूल काढलं, सर्व्हर पडायचा थांबला. बदललेल्या रॅमबद्दल आणि मदरबोर्डबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, आणि ते मला आजही खटकतं.

तुमच्याकडे काय करायचं: उबुंटूत लिनक्स-क्रॅशडंप पॅकेज टाका, रीबूट करा आणि सिसआरक्यू ट्रिगरमध्ये (कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या फाइलमध्ये) 'सी' लिहून मुद्दाम क्रॅश घडवा. ही चाचणी टाळू नका. दुसऱ्या कर्नलला राखलेली मेमरी अपुरी पडते किंवा त्याच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) स्टोरेजचा ड्रायव्हर नसतो, आणि ते ऐन वेळी कळून उपयोग नाही. डंप व्हार-क्रॅश फोल्डरमध्ये येतो. बहुतेकदा सोबतची डीमेसेजची, म्हणजे कर्नलच्या मेसेजची, छोटी फाइलच पुरते.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. कर्नल-डॉट-पॅनिक या सिसकंट्रोलची (कर्नलच्या सेटिंगची) किंमत बघा. ती शून्य असेल तर पॅनिकनंतर कर्नल स्वतःहून रीबूट करत नाही, मशीन तसंच अडकून पडतं. तरीही तुमचं मशीन आपोआप उठत असेल तर वॉचडॉग (मशीन अडकलं की रीबूट करणारा टायमर), पॉवर सप्लाय नाहीतर हार्डवेअरकडे संशय जातो आणि अशा वेळी केडंप रिकामा राहू शकतो. मग बीएमसीचा (सर्व्हरच्या हार्डवेअरवर नजर ठेवणाऱ्या वेगळ्या चिपचा) इव्हेंट लॉग वाचा. ईसीसीने (रॅममधल्या चुका ओळखणाऱ्या सोयीने) पकडलेल्या चुका झाल्या असतील तर बहुधा तिथे नोंद सापडेल. तशी नोंद सापडली तर सीनियरांचं बरोबर, खुशाल रॅम बदला. पण नोंद आधी, स्क्रूड्रायव्हर नंतर.

व्हीएमकोर कुणालाही पाठवताना विचार करा, त्यात पासवर्डपासून ग्राहकांच्या डेटापर्यंत काहीही असू शकतं. नेटकन्सोलचे मेसेजही उघडेच जातात, तेव्हा तो आतल्या नेटवर्कपुरताच ठेवा. आणि सीनियरांनी मेमरी अडकते म्हणून केडंपला नकार दिलाच, तर भांडत बसू नका, नेटकन्सोल लावा आणि ट्रेसची प्रिंट त्यांच्या टेबलावर ठेवा.