हायब्रिड रॉकेट : मेण, नायट्रस आणि मराठवाड्यातला उन्हाळा

प्रश्न : हायब्रिड मोटर सर्वांत सुरक्षित, असं मुलांना शिकवतो. मग मोठी रॉकेटं तिच्यावर का उडत नाहीत? – विज्ञान शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : हायब्रिड मोटरमध्ये इंधन घन असतं आणि ते जाळणारा ऑक्सिडायझर (ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) द्रव किंवा वायुरूपात वेगळ्या टाकीत असतो. कल्पना जुनी आहे. १७ ऑगस्ट १९३३ रोजी सोव्हिएत संघात ‘गिर्द-०९’ हे रॉकेट द्रव ऑक्सिजन आणि घट्ट केलेल्या पेट्रोलवर सुमारे ४०० मीटर वर गेलं. घोडं अडतं ते इंधन जळण्याच्या वेगावर. घन मोटरमध्ये इंधन आणि ऑक्सिडायझर आधीच एकजीव असतात. हायब्रिडमध्ये इंधनाचा पृष्ठभाग आधी तापतो, त्याची वाफ होते आणि मग ती ऑक्सिजनला भेटते. शिवाय हीच वाफ ज्वाळेला पृष्ठभागापासून दूर ढकलते. एचटीपीबी हे इंधन म्हणून वापरलं जाणारं कृत्रिम रबर सेकंदाला जेमतेम १ मिलिमीटर झिजतं. जोर वाढवायचा तर इंधनात अनेक भोकं ठेवावी लागतात, आणि त्यांच्यामधल्या भिंती पातळ झाल्या की तुकडे सुटून नॉझलमध्ये (वायू बाहेर पडतो त्या अरुंद तोंडात) अडकतात.

पॅराफिन मेणाने यातून वाट काढली. त्याचा वितळलेला पातळ थर वायूच्या झोताने थेंबाथेंबांनी उडतो आणि झीज तिप्पट-चौपट होते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हे नीट मांडलं. आपल्याकडे इस्रोने २० सप्टेंबर २०२२ रोजी महेंद्रगिरीला एचटीपीबी आणि द्रव ऑक्सिजनची ३० किलोन्यूटनची मोटर १५ सेकंद चालवली.

प्रश्न : आमच्या मेणाच्या ग्रेनचा (इंधनाच्या पोकळ दंडगोलाचा) बाहेरचा व्यास ८० मिमी, भोक ४० मिमी, लांबी ३०० मिमी आहे. जमिनीवरच्या चाचणीत केसिंग (मोटरचं बाहेरचं नळकांडं) एका बाजूने जळालं. जोरही शेवटी घसरला. – अभियांत्रिकीचे विद्यार्थी, नांदेड

उत्तर : आधी ग्रेन वजन करून पाहत चला. तुमच्या मापाचं आकारमान १,१३० घनसेंटिमीटर भरतं. मेणाची घनता ०.९ धरली तर वजन १,०१५ ग्रॅमच्या आसपास हवं. ३०-४० ग्रॅम कमी भरलं तर आत पोकळी आहे असं समजा. गोठताना मेण १५ टक्क्यांपर्यंत आकसतं. एकदम ओतलं की मधे खड्डा पडतो, चिरा जातात किंवा ग्रेन नळीपासून सुटतो. त्या फटीतून ज्वाळा मागे शिरली की केसिंग गेलंच. म्हणून थराथराने ओता, शक्यतो नळी आडवी फिरवत, आणि सावकाश निवू द्या. मेणात १ टक्का काजळी घाला, म्हणजे उष्णता आरपार जाऊन आतलं मेण मऊ होणार नाही.

जोर घसरण्याची बरीच कारणं असतात. टाकी रिकामी होताना दाब उतरतो, हे एक. दुसरं भूमितीतलं आहे. सेकंदाला ४०० ग्रॅम नायट्रस (नायट्रस ऑक्साइड, म्हणजे इथला ऑक्सिडायझर) धरा. ४० मिमीच्या भोकात दर चौरस सेंटिमीटरला ३२ ग्रॅम जातात, भोक ६० मिमी झालं की १४. झीज मंदावते, पण जळणारा घेर वाढतो. हिशेब केला तर मेणाचा प्रवाह साधारण ९ टक्क्यांनी घटतो आणि नायट्रस-मेण गुणोत्तर ७ वरून ७.७ कडे सरकतं. ज्वाळेतले ऑक्सिडीकारक वायू मग ग्रॅफाइटचं नॉझल जास्त खातात, घसा (नॉझलचा सर्वांत अरुंद भाग) रुंदावतो, दाब आणखी उतरतो. नॉझलच्या घशाचं माप चाचणीआधी आणि नंतर घेऊन नोंद ठेवाच. हा आकडा बहुतेक गट विसरतात.

प्रश्न : मे महिन्यात उघड्यावर नायट्रसची चाचणी चालेल का? – परभणी

उत्तर : दुपारी नको, अजिबात नको. नायट्रस ऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश आहे. त्यापुढे टाकीत द्रव राहतच नाही, दाब ७२ बारच्या वर जातो आणि इंजेक्टरमधून (मोटरमध्ये नायट्रस सोडणाऱ्या छिद्रांतून) जाणारं वस्तुमान घटतं. तुमच्याकडे सावलीतलाच पारा चाळिशी ओलांडतो.

त्याहून मोठा धोका त्याच्या आधीच येतो. २० अंशाला, ५० बारला, टाकी ८० टक्के भरली असं समजा. ऊन लागलं की द्रव फुगतो. ३० अंशांच्या थोडं पुढे गेल्यावर वाफेला जागाच उरत नाही आणि मग एकेका अंशाला दाब झपाट्याने चढतो. म्हणून टाकी वजनावर भरा, डोळ्यांच्या अंदाजावर नको. सुरक्षा झडप आणि फुटणारी चकती दोन्ही बसवा.

भरण पहाटे करा, टाकीवर ओलं पोतं टाका. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ते चांगलं थंड करतं. डिसेंबरात पहाटे १० अंशाला दाब ४० बारच असतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या चाचणीचे आकडे उन्हाळ्यात लागू करू नका. मेणाचे ग्रेन सावलीत, उभे ठेवा. तापलेल्या गाडीत आडवे पडले तर भोक लंबगोल होतं.

नायट्रसला फुटायला इंधन लागत नाही, विघटनात तो स्वतःच उष्णता सोडतो. २६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातल्या मोहावीत मोटर न पेटवता फक्त नायट्रस वाहवण्याची चाचणी चालू होती. स्फोट झाला आणि तिघांचा जीव गेला. हायब्रिड सुरक्षित आहे ते ग्रेनपुरतं, टाकीपुरतं नाही. नळ्या-झडपांना तेल किंवा ग्रीसचा थेंबही नको. झडप सावकाश उघडा, कारण झटक्याने दाबलेला वायू तापतो. भरण आणि रिकामं करणं दुरूनच, बांधाआड राहून करा. वीज गेली तर टाकी आपोआप रिकामी होईल अशी झडप हवी. सिलिंडरला गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. महाविद्यालयामार्फत परवानगीचे कागद पूर्ण झाल्याशिवाय गॅस मागवू नका.