भाड्याने घेतलेला ऑनलाइन पिक्चर स्वतःपुरता कॉपी करून ठेवला तर चालतं का?

बहुतेक देशांत नाही चालत, आणि 'मी एकटाच बघणारे' हे कारण पुरत नाही. रेंट म्हणजे पिक्चर आपला होत नाही, फक्त ठराविक वेळ बघायची परवानगी मिळते, साधारण ३० दिवसांत सुरू करायचा आणि एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत संपवायचा. खरी अडचण डीआरएमची, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या डिजिटल कुलपाची, स्क्रीन रेकॉर्ड करायला गेलं की नुसती काळी स्क्रीन येते ना, तेच ते कुलूप, आणि अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने ते तोडणंच बेकायदेशीर आहे. लोक तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९८४ च्या बीटामॅक्स (घरी टीव्ही टेप करायचं सोनीचं यंत्र) निकालाचा दाखला देतात पण तो टीव्हीवर फुकट लागणारे कार्यक्रम नंतर बघायला टेप करण्याबद्दल होता. प्रवासात बघायचा असेल तर अ‍ॅपमधलंच डाउनलोड बटण वापरा.