लायसन्स जन्मभराचं, लँडिंग ९० दिवसांचं

प्रश्न : मी डॅलसला असतो, ३ वर्षांपूर्वी एफएएचं (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं) प्रायव्हेट पायलट लायसन्स काढलं. मधे मुलगी झाली आणि ७ महिने विमानाला हातच लावला नाही. आता जूनमध्ये आई-बाबा नागपूरहून येतायत, त्यांना सेस्ना १७२ या चार सीटच्या छोट्या विमानातून संध्याकाळचं शहर दाखवायचंय. फ्लाइट रिव्ह्यू (इन्स्ट्रक्टरसोबतची ठरावीक काळाने होणारी उजळणी) मागच्या ऑगस्टमध्ये झालाय, थर्ड क्लास मेडिकल (पायलटची तब्येतीची तपासणी) लायसन्सच्या वेळचंच, तेव्हा ३८ चा होतो आता ४१. लायसन्सला एक्सपायरी नसते म्हणतात, मग चालेल ना?

उत्तर : एक्सपायरी नसते हे खरंय. मेडिकलचंही टेन्शन घेऊ नका, वय तपासणीच्या दिवशीचं धरतात, तेव्हा चाळिशीच्या आत होतात म्हणजे ६० महिने मिळाले. फ्लाइट रिव्ह्यूसुद्धा २४ कॅलेंडर महिने चालतो. पण आई-बाबा विमानात बसले की ते पॅसेंजर, आणि पॅसेंजर न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत त्याच कॅटेगरी-क्लासच्या (तुमच्यासाठी एका इंजिनाच्या, जमिनीवर उतरणाऱ्या) विमानात ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग पाहिजेत. तुमची शून्य आहेत.

हे भरून काढायला कायद्याने इन्स्ट्रक्टर लागत नाही, एकटे जाऊन ३ चकरा मारल्या की झालं, १७२ ला दिवसा टच-अँड-गो (चाकं टेकवून न थांबता पुन्हा उडणं) पण चालतात. तरी मी म्हणेन इन्स्ट्रक्टर घ्याच. मी स्वतः ५ महिन्यांच्या गॅपनंतर गेलो तेव्हा रेडिओवर तोंडाला फेस आला आणि पहिल्या लँडिंगला अर्धा रनवे नुसता तरंगत गेलो, बाजूला कोणी होतं म्हणून बरं. शिवाय भाड्याचं विमान असेल तर क्लबचा स्वतःचा नियम बहुतेक ९० दिवसांपेक्षा कडकच असतो, तो आधी विचारा.

आता संध्याकाळ. इथे भलेभले गोंधळतात, कारण रात्र ३ प्रकारची आहे. सूर्य मावळला की विमानाचे पोझिशन लाइट लावायचे, सिव्हिल ट्वायलाइट (सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश) संपला की लॉगबुकात नाइट अवर लिहायचा, आणि पॅसेंजरच्या नियमाची रात्र सुरू होते सूर्यास्तानंतर १ तासाने. त्या रात्रीसाठी वेगळी ३ लँडिंग, तीही त्याच अंधाराच्या वेळात आणि फुल स्टॉप म्हणजे विमान पूर्ण थांबवून, टच-अँड-गो धरत नाहीत. पण जूनमध्ये डॅलसला सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो, म्हणजे साडेनवाच्या आत खाली आलात तर दिवसाची ३ लँडिंगच पुरतात आणि शहराचे दिवेही लागलेले दिसतात. फक्त घड्याळ बघा, आईने "अजून एक चक्कर" म्हटलं की तिथेच उशीर होतो.

आणि बायकोलाही घेणार असाल तर वजनाचा हिशोब कागदावर मांडा. चौघं मोठी माणसं आणि टाक्या फुल्ल, हे बहुतेक १७२ ना झेपत नाही. जूनच्या उकाड्यात तर नाहीच.