मर्जर झालं, ट्रक मात्र जुन्याच कंपनीच्या नावावर

साताऱ्याहून एका ट्रान्सपोर्टवाल्यांचा मेल आलाय. थोडक्यात असं: दोन भावांच्या दोन प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या, धाकट्याची थोरल्याच्या कंपनीत मर्ज केली. अपॉइंटेड डेट, म्हणजे मर्जर ज्या तारखेपासून धरायचं ती, 1 एप्रिल 2024, आणि मर्जर मंजूर करणाऱ्या एनसीएलटीची (कंपन्यांच्या ट्रिब्युनलची) ऑर्डर 20 ऑगस्ट 2025. 9 ऑक्टोबरला एक ट्रक खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या एस वळणावर उलटला, एका बाइकवाल्याला लागलं. आरसी, परमिट, पॉलिसी सगळं धाकट्याच्याच कंपनीच्या नावावर. इन्शुरन्सवाल्यांनी पत्र दिलं की ज्या कंपनीचा विमा होता ती 1 एप्रिल 2024 लाच संपली, सबब क्लेम नामंजूर.

साहेब, तुम्ही चार पानं लिहिलीत, टॅक्स किती वाचला तेही लिहिलंत, पण जी एक तारीख हवी तीच नाही. ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी आरओसीकडे, म्हणजे कंपन्यांच्या निबंधकाकडे, आयएनसी-28 फॉर्मने कधी फाइल केली? "सीएकडे असेल" हे उत्तर नाही. आत्ता फोन करा आणि फायलिंगचं चलन, म्हणजे पावती, मागवा, कारण सगळा क्लेम त्या चलनावर टांगलाय.

का ते सांगतो. अपॉइंटेड डेट मुख्यतः हिशोबाची तारीख असते. कंपनी कायद्याच्या कलम 232(6) मुळे स्कीम, म्हणजे मर्जरची योजना, मागच्या तारखेपासून लागू होते हे खरं, आणि इन्शुरन्सचा वकील तेवढंच वाचून दाखवणार. पण बहुतेक स्कीममध्ये लिहिलेलं असतं की जुनी कंपनी विसर्जित होते ती इफेक्टिव्ह डेटला, म्हणजे ऑर्डर आरओसीत फाइल झाल्यावर, आणि तोवर ती नव्या, म्हणजे तुमच्या बाबतीत थोरल्याच्या, कंपनीच्या वतीने विश्वस्त म्हणून धंदा चालवते. तुमच्या स्कीममधला तो क्लॉज शोधा. फायलिंग 9 ऑक्टोबरनंतरचं असेल तर अपघाताच्या दिवशी धाकट्याची कंपनी जिवंत होती, आरसीवर मालक तीच, पॉलिसीही तिचीच, मग इन्शुरन्सच्या पत्राला फारसा अर्थ उरत नाही. तुमच्या सीएचा आळस पहिल्यांदाच कामी आला म्हणायचं.

फायलिंग आधीचं असेल तर मात्र अवघड आहे, उगाच आशा लावत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 ने मालकी बदलली की पॉलिसीही आपोआप बदलली असं धरतात, पण ते थर्ड पार्टीपुरतं, म्हणजे अपघातात दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला ते लागू नाही असं सुप्रीम कोर्टाने कम्प्लीट इन्शुलेशन्सच्या केसमध्ये नव्वदच्या दशकातच सांगून ठेवलंय. नव्या मालकाने 14 दिवसांत इन्शुरन्स कंपनीला कळवायचं असतं. तुम्ही किती दिवसांत कळवलं? कळवलंच नाही. एक ईमेल, फुकटात झाला असता. तरीही भांडायला जागा आहे, ही विक्री नाही, ट्रिब्युनलच्या ऑर्डरने झालेलं हस्तांतर आहे, आणि स्कीममध्ये "सर्व विमा पॉलिसी नव्या कंपनीच्या नावे चालू राहतील" असं वाक्य असेल तर त्याचा आधार घेता येईल. पूर्ण रक्कम मिळेल असं मी म्हणणार नाही, तडजोडीत काही टक्के पदरात पडू शकतात.

तुम्ही पाठवलेला बिल्टीचा, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावतीचा, फोटो बघून डोक्याला हात लावला. वर छापलेलं नाव धाकट्याच्या कंपनीचं आणि त्यावर थोरल्याच्या कंपनीचा रबरी शिक्का, जीएसटी नंबर पेनाने खोडून नवा लिहिलेला. बिल्टीबुक छापायचे पैसे वाचवले आणि नुकसान तपासणाऱ्या इन्शुरन्सच्या सर्व्हेयरच्या हातात आयता पुरावा दिला. फायलिंग उशिराचं निघालं तरी या शिक्क्यावर प्रश्न येणारच, तेव्हा "धंदा नव्या कंपनीसाठी चालू होता" हे उत्तर त्या विश्वस्ताच्या क्लॉजला धरूनच द्या, स्वतःचं काही बनवू नका. आणि इन्शुरन्सला "नाव बदलायचं राहून गेलं, माफ करा" असलं काही लिहून देऊ नका.

ज्या बाइकवाल्याला लागलंय त्याच्या भरपाईचं टेन्शन तुलनेने कमी, ते इन्शुरन्सवर जायला हवं. परमिटचा मुद्दा काढून आधी भरून नंतर तुमच्याकडून वसूल करायचा प्रयत्न मात्र ते करू शकतात, कारण कलम 82 प्रमाणे परवानगीशिवाय परमिट ट्रान्सफर होत नाही. मर्जरलाही ती परवानगी लागते का यावर वाद घालता येईल, पण तो तुमच्या खर्चाने घालायची हौस कशाला?

ग्राहक आयोगात जायला नामंजुरीच्या पत्रापासून 2 वर्षं आहेत. आयोगात तारखांवर तारखा पडतात, म्हणून वाट बघत बसू नका, चलन हातात आलं की आधी इन्शुरन्सच्या तक्रार विभागाला लेखी पाठवा. जाताना ऑर्डरवरची स्टॅम्प ड्युटी भरलीय का तेही बघा, महाराष्ट्रात मर्जरची ऑर्डर म्हणजे खरेदीखतासारखीच धरतात, थकलेल्या रकमेवर महिन्याला 2 टक्के दंड चढतो आणि न भरलेली ऑर्डर पुरावा म्हणून अडवली जाते.

बाकीचे 11 ट्रक आजही तसेच पळतायत ना? फायनान्सवाल्यांची लेखी संमती, फॉर्म 29 आणि 30, परमिटचा अर्ज आणि प्रत्येक पॉलिसीवर नावाचा बदल, हे याच आठवड्यात सुरू करा.