लग्नाच्या डीव्हीडी संगणकावर लवकर कशा उतरवाव्यात? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : घरात लग्न, मुंज, बारशाच्या चाळीसेक डीव्हीडी आहेत. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रणालीत थेट डिस्कवरून एमपी-४ करतोय, पण एकेका डिस्कला तास-दीड तास लागतो. नवा संगणक घ्यावा का?

नवा संगणक घेऊ नका. डीव्हीडीचं चित्र 720 × 576 पिक्सेलचं असतं, म्हणजे फुल एचडीच्या फक्त एक पंचमांश. पाच-सहा वर्षांचा लॅपटॉपही ते झरझर दाबतो, म्हणजे लहान फाइलमध्ये बसवतो. वेळ जातो तो बहुतेक वेळा डिस्क वाचण्यात. थेट डिस्कवरून काम करताना ड्राइव्ह अडखळला की प्रोसेसर नुसता थांबून राहतो.

म्हणून कामाचे दोन भाग करा. दिवसा आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल हार्ड डिस्कवर घ्या. आयएसओ प्रतिमा (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) काढा किंवा डिस्कवरचा व्हिडिओ_टीएस हा अख्खा फोल्डर उचला. आठपट वेगाचा ड्राइव्ह चांगली डिस्क दहा-पंधरा मिनिटांत संपवतो. रात्री त्या सगळ्या नकला हँडब्रेकच्या रांगेत लावा आणि झोपा. घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्याचा ड्राइव्हही कामाला लावा, दोन डिस्का एकाच वेळी उतरतील.

चाळीस डिस्कांच्या मूळ नकलांना फार तर 190 जीबी जागा लागेल. छोट्या फाइली तयार झाल्या म्हणून या मूळ नकला पुसू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घरी राइट केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर वर्षागणिक खराब होतो. आज वाचली गेलेली डिस्क पुढच्या दिवाळीला वाचली जाईलच असं नाही.

प्रश्न : ग्राफिक्स कार्डावर रूपांतर केलं तर वेग खूप वाढतो, पण चित्र खराब दिसतं. सेटिंग काय ठेवावं?

ग्राफिक्स चिपवर चालणारे एनव्हीइएनसी किंवा क्विक सिंक वेगवान आहेत, पण तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये प्रोसेसरवर चालणारा एक्स-२६४ जास्त तपशील राखतो. घरगुती चित्रणात आधीच दाणे असतात, मंडपातला उजेडही पिवळट. तिथे हा फरक डोळ्यांना जाणवतो. एवढ्या लहान चित्राला एक्स-२६४ पुरेसा वेगवान आहे. गुणवत्तेचा आकडा, म्हणजे आरएफ, 18 ते 20 ठेवा (आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं). त्याच्या पुढच्या पिढीच्या एक्स-२६५ने फाइल थोडी लहान होईल, पण वेळ कितीतरी जास्त जाईल.

चित्र खराब दिसण्याचं खरं कारण मला वेगळंच वाटतं. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण लावून चित्र थांबवा. अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात का? आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या कॅमेऱ्यात सेकंदाला 50 अर्धी चित्रं असतात, एकाआड एक ओळींची. ती नीट न जुळवता दाबली की त्या रेषा फाइलमध्ये कायमच्या बसतात. हँडब्रेकच्या डीइंटरलेस (अर्धी चित्रं जुळवण्याच्या) सेटिंगमध्ये ‘बॉब’ निवडा आणि फ्रेमरेट 50 ठेवा. वेळ वाढेल, पण हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशी सलग दिसेल. घाई करायची तर दुसरीकडे करा, इथे नको.

प्रश्न : मुंजीची डिस्क 60 टक्क्यांवर अडकते. काय करू?

आधी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. मग लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचणारा प्रोग्रॅम वापरा. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अवघड जागा बाजूला ठेवतो आणि काय राहिलं याची नोंद करतो. तीच नोंद वापरून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, फक्त राहिलेल्या जागा पुन्हा वाचल्या जातील. एका ड्राइव्हला न जमलेली जागा दुसऱ्याला बरेचदा जमते, म्हणून डिस्क लगेच टाकून देऊ नका.

प्रश्न : 1999 सालच्या साखरपुड्याच्या व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) आहेत. त्याही दाबून घ्याव्यात?

मुळीच नाही. ते चित्र 352 × 288चं आणि आधीच एमपीईजी-१मध्ये दाबलेलं असतं, मिनिटाला साधारण 10 एमबी. पुन्हा दाबलंत तर चेहरे आणखी पुसट होतील. एमपीईजीएव्ही फोल्डरमधल्या डीएटी फाइली तशाच उचला, व्हीएलसीमध्ये त्या चालतात. व्हीसीडीच्या चित्राला डीव्हीडीइतकं चूकदुरुस्तीचं संरक्षण नसतं, त्यामुळे चाळीस डीव्हीडींच्या आधी या डिस्का हातात घ्या.

प्रश्न : हँडीकॅमची छोटी डिस्क संगणकावर रिकामी दिसते.

ती फायनलाइझ करायची, म्हणजे इतर यंत्रांत वाचता यावी म्हणून बंद करायची राहिली असेल. त्याच कॅमेऱ्यात घालून मेनूतून फायनलाइझ करा. कॅमेरा बंद पडला असेल तर आयसोबस्टरसारख्या प्रणालीने आतलं चित्रण बहुधा निघतं. ही आठ सेंटिमीटरची डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये मात्र घालू नका, आत अडकते. ट्रे बाहेर येणाराच ड्राइव्ह घ्या.