समाधान आणि सेवा : एका वाचकाचा प्रश्न

प्रश्न : राष्ट्रीयीकृत बँकेतील ३४ वर्षांच्या नोकरीनंतर मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. लोकांच्या उपयोगी पडावे म्हणून थंडीत ब्लँकेटे वाटली, वाढदिवसाला आश्रमशाळेत खाऊ नेला. पण घरी परतल्यावर मन रितेच राहिले. आता दृष्टिहीन विद्यार्थ्यांची लेखनिक व्हावे, म्हणजे परीक्षेत ते सांगतील ती उत्तरे लिहून द्यावीत, असे मनात आहे. बाबा आमटे यांच्यासारख्यांना सेवेतून एवढे समाधान कसे लाभले असेल? आणि स्वतःच्या समाधानासाठी केलेली सेवा हा स्वार्थच नव्हे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : स्वार्थ असेल तर असू द्यावा. आपल्याला समाधान लाभले म्हणून समोरच्याचे काही उणे होत नाही. अडचण येते ती कोणते काम करायचे हे त्याच्या गरजेवरून न ठरता आपल्या हौसेवरून ठरते तेव्हा. ज्यांना ब्लँकेटे दिली त्यांची आपल्याशी पुन्हा गाठ पडली नसावी, आणि ३४ वर्षांत आपण जे कमावले त्याचा त्या कामात काही उपयोगही नव्हता. मन रिते राहिले ते यामुळेच, असे मला वाटते.

बाबा आमटे यांचा उल्लेख आपण केला आहे, म्हणून सांगते. वरोऱ्यात भर पावसात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून ते प्रथम घाबरून निघून गेले होते आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. स्वतःच्या भीतीची लाज वाटून ते परत फिरले, पुढे कोलकात्याला जाऊन या रोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले आणि १९५१ मध्ये आनंदवन उभे राहू लागले. समाधान शोधायला ते निघालेच नव्हते. आपण सारे त्यांच्या त्यागाबद्दल बोलतो, मधल्या शिक्षणाची पायरी मात्र विसरतो.

आता लेखनिकाविषयी. दहावी-बारावीच्या परीक्षेत लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो, आणि इतर अनेक परीक्षांतही त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावे अशी अट असते. उत्तर विद्यार्थ्याचेच असावे हा तिचा हेतू रास्त आहे. पण त्यामुळे आपल्यासारख्या पदवीधर व्यक्तीसाठी हे दार बहुतेक वेळा बंदच असते.

तथापि परीक्षेआधीचे कित्येक महिने या विद्यार्थ्यांना पुस्तके वाचून दाखवणाऱ्या वाचकाची गरज असतेच. मोबाइल पुस्तक वाचून दाखवतो हे खरे, पण स्कॅन केलेल्या मराठी पानावरील जोडाक्षरांत तो अडखळतो, तक्त्यातील रकान्यांची सरमिसळ करतो आणि आकृतीपाशी मुका होतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ताळेबंद ऐकवायचा असेल, तर देयता कोणत्या, मालमत्ता कोणती आणि कोणता आकडा कोणत्या शीर्षकाखालचा, हे गोंधळ न होता सांगणारा माणूस लागतो. हे काम आपल्याइतके नेमके माझ्याच्याने होणार नाही.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी इतिहासाचे एक पुस्तक ध्वनिमुद्रित केले होते, आणि तेही अगदी रंगवून, आवाजाचे चढउतार सांभाळून. ते ऐकून विद्यार्थी नम्रपणे म्हणाला, “काकू, मी दीडपट वेगाने ऐकतो. तुम्ही भावपूर्ण थांबता तिथे माझा वेळ जातो. पृष्ठक्रमांक मात्र सांगत जा, नाहीतर संदर्भ सापडत नाही.” दोन दिवस मी खट्टू होते. त्यानंतर प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करू लागले, पान उलटताना क्रमांक सांगू लागले, अपरिचित नावे अक्षरे सुटी करून उच्चारू लागले आणि तळटीप कोठे सुरू होते व कोठे संपते तेही बोलू लागले. पुढच्या वेळी त्याने काहीच तक्रार केली नाही, उलट आणखी दोन पुस्तके पाठवली; ब्लँकेटे वाटून आपल्याला जे लाभले नाही ते मला त्या पार्सलात मिळाले.

आठवड्यातील दोन वार ठरवून घ्यावेत आणि निदान एक पूर्ण सत्र ते पाळावेत. परीक्षेच्या तोंडावर वाचक गावाला गेला तर विद्यार्थ्याचे नुकसान होते, तेव्हा लग्नकार्ये आणि सहली आधीच सांगून ठेवाव्यात. निकालानंतर त्याचा दूरध्वनी येईलच असेही धरून चालू नये. उत्तीर्ण झालेल्या मुलाला पुढची पन्नास कामे असतात.

अंधशाळेत किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन कोणाला काय वाचून हवे आहे याची चौकशी करावी, आणि ताळेबंद वाचता येतो हे पहिल्याच भेटीत सांगावे.