लिनक्सवर बिल्ड होणारं सी++ प्रोजेक्ट मॅकवर का फुटतं? फाइलनावातल्या कॅपिटल-स्मॉलचा घोळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सी++ प्रोजेक्ट लिनक्सच्या सीआय सर्व्हरवर (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड करणाऱ्या मशीनवर) बिनतक्रार बिल्ड होतं, नव्या मॅकबुकवर मात्र कंपायलर थेट स्टँडर्ड लायब्ररीच्या हेडरमध्ये (इतर फाइल जिला आत ओढून घेतात, म्हणजे इन्क्लूड करतात, अशा फाइलमध्ये) एरर दाखवतो. शिवाय गिटमधून (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमधून) प्रोजेक्टची प्रत उतरवल्या उतरवल्या, म्हणजे क्लोन केल्या केल्या, कशालाही हात न लावता, गिट स्टेटस एक फाइल 'मॉडिफाइड' सांगतं. एक्सकोड (ॲपलची डेव्हलपर टूल्स) पुन्हा टाकूनही फरक पडला नाही, तर आता डिस्क फॉरमॅट करायची का?

फॉरमॅट करू नका, आणि एक्सकोडच्याही मागे लागू नका. दोन्ही लक्षणांचं मूळ एकच दिसतंय. मॅकची एपीएफएस फाइल सिस्टम डीफॉल्टने केस-इन्सेन्सिटिव्ह असते, पण केस जपून ठेवते. तुम्ही नाव जसं टाइप केलंत तसंच ती दाखवते. शोधताना मात्र कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाही. विंडोजवरही रोजच्या वापरात हाच अनुभव येतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टमवर मात्र फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेली दोन नावं म्हणजे दोन वेगळ्या फाइल. फोल्डर उघडल्यावर नाव जसंच्या तसं दिसतं, म्हणून माणसाला संशयच येत नाही.

आधी कंपायलरची एरर बघू. तुम्ही टाकलेल्या लॉगमध्ये 'एक्स्पेक्टेड अनक्वालिफाइड-आयडी' असा मेसेज आहे आणि त्याखाली जी ओळ छापली आहे तिच्यात नुसतं १.४.२ आहे. सगळी गोम त्या ओळीत आहे. स्टँडर्ड लायब्ररीच्या कुठल्याच हेडरमध्ये नुसता असा आकडा नसतो. तो तुमच्या प्रोजेक्टचा रिलीज नंबर असणार. रिपॉझिटरीच्या रूटमध्ये सगळी अक्षरं कॅपिटल असलेली 'व्हर्जन' नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल आहे का बघा. बहुतेक असेलच.

घडतं ते असं. सी++२०मध्ये 'व्हर्जन' याच नावाचं, सगळी अक्षरं स्मॉल असलेलं स्टँडर्ड हेडर आलं. लायब्ररीची बाकीची हेडरं ते आतून इन्क्लूड करतात, त्यामुळे तुमच्या कोडमध्ये त्याचा उल्लेख शोधूनही सापडणार नाही. तुमच्या बिल्ड फाइलमध्ये प्रोजेक्टचा रूट कॅपिटल आय फ्लॅगने इन्क्लूड पाथमध्ये घातलेला असेल, तर कंपायलर सिस्टमच्या फोल्डरआधी तिथे शोधतो. लिनक्सवर स्मॉल अक्षरांतली फाइल रूटमध्ये सापडत नाही आणि शोध पुढे सरकतो. मॅकवर डिस्क म्हणते, आहे की, ही घ्या. मग तुमचा रिलीज नंबर सी++ कोड म्हणून वाचला जातो.

खात्री करायची तर एरर येणारी एकच फाइल घ्या आणि कंपायलरला कॅपिटल एच फ्लॅग देऊन चालवा. इन्क्लूड झालेल्या प्रत्येक हेडरचा पाथ तो छापतो, आणि जितकं खोल इन्क्लूड तितके डॉट आधी लावतो. त्या यादीत 'व्हर्जन' शोधा. पाथ एसडीकेच्या (एक्सकोडबरोबर येणाऱ्या सिस्टम हेडरांच्या) फोल्डरऐवजी तुमच्या प्रोजेक्टचा निघाला की निदान झालं. एक बारकावा लक्षात ठेवा: यादीत नाव स्मॉल अक्षरांत दिसेल, कारण कंपायलर त्याने मागितलेलंच नाव छापतो, डिस्कवरचं नाही. इथेच लोक गंडतात. 'अशी फाइल तर आमच्याकडे नाहीच' म्हणून पुढे जातात आणि दिवस घालवतात.

उपाय दोन आहेत. झटपट उपाय म्हणजे त्या फाइलला टीएक्सटी एक्स्टेन्शन लावणं. (तिच्यातून नंबर वाचणाऱ्या स्क्रिप्ट बदलायला विसरू नका.) मला पटणारा उपाय म्हणजे रूटला इन्क्लूड पाथमधून काढणं: पब्लिक हेडर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फक्त तोच फोल्डर द्या. ते लगेच जमणार नसेल तर कॅपिटल आयऐवजी आयकोट फ्लॅग वापरा. त्या फोल्डरमध्ये मग फक्त अवतरणचिन्हांतल्या इन्क्लूडसाठी शोध होतो, कोनी कंसातल्यांसाठी नाही. आयसिस्टम फ्लॅगचा सल्ला कोणी दिला तर इथे तो कामाचा नाही. ते फोल्डरही स्टँडर्ड फोल्डरच्या आधीच शोधले जातात.

रूट पाथमधून काढायचा आग्रह यासाठी की हा सापळा एकाच नावाचा नाही. तुमच्या स्ट्रिंग क्लासच्या हेडरचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल, तर सी लायब्ररीचं स्ट्रिंग हेडर मागणाऱ्यालाही तेच मिळेल. मेक या बिल्ड टूलमध्येही अशीच गंमत होते. रूटमध्ये कॅपिटल अक्षरांतली 'इन्स्टॉल' फाइल असली की मेक इन्स्टॉल काहीच न करता 'अप टू डेट' म्हणून मोकळं होतं. 'इन्स्टॉल' हे टार्गेट फोनी, म्हणजे फाइल नसलेलं, म्हणून जाहीर केलं की सुटतं. बेझल या बिल्ड टूलची कॅपिटल अक्षरांतली 'बिल्ड' फाइल आणि स्मॉल अक्षरांतला 'बिल्ड' फोल्डर यांचंही एका जागी जमत नाही.

आता ती 'मॉडिफाइड' फाइल. रिपॉझिटरीत फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेल्या दोन फाइल असणार. गिटच्या इंडेक्समध्ये (त्याच्या स्वतःच्या फाइलयादीत) दोन्ही आहेत, पण तुमच्या डिस्कवर जागा एकीलाच आहे. क्लोन करताना गिटने 'पाथ्स हॅव कोलायडेड' अशी वॉर्निंग दिली असेल. ती भराभर सरकून जाते. चेकआउट करून बदल घालवायला जाल तर ही फाइल स्वच्छ होते आणि तिची जुळी मॉडिफाइड दिसू लागते. या अवस्थेत सगळं एकदम कमिट करू नका. एका फाइलचा मजकूर दुसरीच्या नावावर चढेल आणि उद्या लिनक्सवरचं बिल्डही मोडेल.

अशा जोड्या शोधताना फाइंडरवर किंवा एलएसवर विसंबू नका, गिटला विचारा. गिट एलएस-फाइल्सचं आउटपुट टीआर कमांडने स्मॉल अक्षरांत करा, सॉर्टमधून काढा आणि युनिकला स्मॉल डी फ्लॅग द्या. जे छापलं जाईल ते टक्कर होणारं. फोल्डरचीच नावं अशी जुळी असतील आणि आतल्या फाइल वेगळ्या असतील, तर ही युक्ती गप्प राहते. म्हणून फोल्डरांचे पाथ वेगळे काढून तेही तसेच तपासा. ही तपासणी सीआयमध्ये कायमची घाला. लिनक्सवर काम करणाऱ्याला ही चूक दुसऱ्या कुठल्याही मार्गाने दिसणार नाही.

गिटच्या कॉन्फिगमधलं इग्नोरकेस (नावातल्या कॅपिटल-स्मॉलकडे दुर्लक्ष करायचं का, हे सांगणारं सेटिंग) फॉल्स करायचा सल्ला सगळीकडे सापडेल. तो ऐकू नका. क्लोन करताना डिस्क कशी आहे हे गिट स्वतः तपासतं आणि ती किंमत ठरवतं. ती बदलल्याने डिस्क बदलत नाही. उलट नुसत्या केसचा बदल केलात की इंडेक्समध्ये जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं राहण्याची पाळी येते. नाव बदलायचं तर गिट एमव्ही वापरा, आणि फोल्डर असेल तर दोन टप्प्यांत: आधी तिसरंच नाव, मग हवं ते.

उलटा प्रकारही तुमच्या टीममध्ये येणारच: मॅकवर चालतं, लिनक्सवर 'मॉड्यूल नॉट फाउंड'. तिथे इम्पोर्टमधलं नाव आणि इंडेक्समधलं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं, बस. क्लँग कंपायलरची नॉनपोर्टेबल-इन्क्लूड-पाथ ही वॉर्निंग मॅकवरच हे पकडते, तिला एरर करून टाका. डॉकरमध्ये (मॅकवरच लिनक्सचं वेगळं वातावरण, म्हणजे कंटेनर, देणाऱ्या टूलमध्ये) बिल्ड करूनही ही चूक निसटू शकते: मॅकवरचा फोल्डर माउंट केला असेल तर कंटेनर लिनक्सचा असला तरी खालची डिस्क तुमचीच असते.

कोड दुसऱ्याचा असेल आणि नावं बदलणं तुमच्या हातात नसेल, तेव्हाच डिस्कचा विचार करा. लिनक्स कर्नलच्या नेटफिल्टरमध्ये (नेटवर्क पॅकेट गाळणाऱ्या भागात) अशा जोड्या मुद्दाम आहेत: टार्गेटच्या फाइलच्या नावात टीसीपीएमएसएस कॅपिटल, मॅचच्या फाइलमध्ये स्मॉल. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स सिस्टम तर केस-सेन्सिटिव्ह फाइल सिस्टम नसेल तर बिल्डच करू देत नाही. त्यासाठीही फॉरमॅट लागत नाही. डिस्क युटिलिटीत एपीएफएस केस-सेन्सिटिव्ह प्रकारचा नवा व्हॉल्यूम जोडा. जागा तो मूळ डिस्कबरोबर वाटून घेतो. विंडोज १०मध्ये २०१८च्या १८०३ आवृत्तीपासून एफएसयुटिल कमांडने एखादा फोल्डर केस-सेन्सिटिव्ह करता येतो.

तुमच्या प्रोजेक्टसाठी मात्र वेगळा व्हॉल्यूम करून थांबू नका. तुमच्या मशीनवर एरर जाईल, पण मॅकवर बिल्ड करणाऱ्या पुढच्या माणसाला ती तशीच भेटेल. आधी कॅपिटल एच फ्लॅगचं आउटपुट बघा. त्यात 'व्हर्जन' सरळ एसडीकेमधूनच येत असेल, तर माझा अंदाज चुकला. तेव्हा ती यादी आणि कंपायलरची पूर्ण कमांड प्रश्नात जोडा, पुढे बघू.